बोट बुडत नाही, बुडवावी लागते: बडोद्यात बसून जहाज बुडण्याचा सीन कसा करायचा

बडोद्याला समुद्र नाही, आणि जी नदी आहे तिच्यात मगरी आहेत. त्यामुळे विश्वामित्रीत शूट करू असा विचार कोणाच्या डोक्यात येत असेल तर तो इथेच सोडा, आणि खंभातच्या आखाताकडे जायचाही सोडा, कारण बुडण्याच्या सीनसाठी खरा समुद्र ही सगळ्यात वाईट जागा. लाट तुमचं ऐकत नाही, ऊन बदलतं, भरती-ओहोटी असते, रीटेक मिळत नाही. जगभरात असले सीन शक्यतो टाकीतच करतात. आपल्याकडे तर गणपतीचे हलते देखावे करणारी पोरं गल्लोगल्ली आहेत, दांडिया बाजारात राहून ज्याने एकदा गाडीच्या वायपर मोटरवर कालियामर्दन फिरवलंय त्याला यातलं अर्धं काम आधीच येतं.

उदाहरणासाठी एक बोट पकडू म्हणजे आकडे हवेत राहणार नाहीत. 'रामदास' घ्या. १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली आणि वाटेत बुडाली, सहाशेहून जास्त माणसं गेली, कोकणातल्या घराघरात अजून नाव निघतं. लांबी १७९ फूट. गुजरातवाल्यांना 'विजळी' जवळची वाटेल, म्हणजे १८८८ साली कच्छच्या मांडवीहून निघून बेपत्ता झालेली 'वैतरणा', तीही १७० फुटांच्या आसपासचीच. दोन्ही मध्यम आकाराच्या आगबोटी, आणि हे आपल्या सोयीचं आहे, कारण हजार फुटी जहाजाचं मॉडेल आपल्या बजेटात बसत नाही. फक्त गोष्ट खऱ्या अपघाताची असेल तर थोडं भान ठेवा, नुसती मजा म्हणून माणसं पाण्यात फेकत बसू नका.

आधी स्केल, मग बाकी सगळं

लोक इथेच पैसे वाचवायला जातात आणि इथेच सीन मरतो. पाणी छोटं होत नाही. लाकडाची बोट छोटी होते, फनेल म्हणजे धुराडं छोटं होतं, पण पाण्याचा थेंब तेवढाच राहतो. ५ मिलीमीटरचा थेंब १/५० च्या, म्हणजे खऱ्यापेक्षा ५० पट छोट्या मॉडेलवर उडाला तर बघणाऱ्याला तो २५ सेंटीमीटरचा दिसतो, म्हणजे फुटबॉलएवढा थेंब, आणि मग कितीही भारी पेंट मारा, खेळणं ते खेळणंच दिसणार. १/१६ ला तोच थेंब ८ सेंटीमीटरचा होतो, ते अजून खपवता येतं. म्हणून माझं स्पष्ट मत, १/१६ च्या खाली जाऊ नका, फारच अडलं तर १/२५. आपली १७९ फुटी बोट १/१६ ला ११ फूट २ इंच होते आणि १/२५ ला ७ फूट २ इंच. १९८० च्या 'रेझ द टायटॅनिक'साठी माल्टात जे मॉडेल पाण्यात उतरवलं होतं ते ५५ फुटी होतं, आणि हिशोब केलात तर तेही साधारण १/१६ च येतं.

दुसरी गोष्ट कॅमेऱ्याच्या स्पीडची, आणि हा हिशोब पाठच करून टाका. १६ फुटांवरून काही पडलं तर खाली यायला १ सेकंद लागतो. मॉडेलवर ते १६ फूट म्हणजे १ फूट, आणि १ फूट पडायला पाव सेकंद. म्हणजे मॉडेलवर सगळं चौपट घाईत घडतं, तर शूटही चौपट स्पीडने करायचं. नियम असा की स्केलच्या आकड्याचं वर्गमूळ काढा आणि नेहमीच्या फ्रेम रेटला (सेकंदाला किती फ्रेम्स, इथे २५ धरू) गुणा. १६ चं वर्गमूळ ४, २५ गुणिले ४, म्हणजे १०० फ्रेम्स. १/२५ ला ५ पट, १२५ फ्रेम्स. फोनवर १२० चं सेटिंग असतं ते दोन्हीला चालून जातं, १/१६ ला जरा जास्त स्लो होईल पण बोट जडच वाटेल, ते वाईट नाही.

याचा उलटा परिणाम सेटवर लक्षात ठेवावा लागतो. पडद्यावर ४० सेकंद बुडताना दाखवायचं असेल तर तुमच्या हातात प्रत्यक्षात १० सेकंद आहेत. दोरी ओढणाऱ्याला हे सांगून ठेवा, नाहीतर तो बिचारा हळूहळू, प्रेमाने ओढतो आणि एडिटला बसल्यावर बोट बुडायला तीन मिनिटं घेते.

मॉडेल

सगळी बोट करू नका. कॅमेऱ्याला दिसेल तेवढीच बाजू पूर्ण करा, दुसऱ्या बाजूला नुसता रंग मारला तरी चालतं. १९९७ च्या 'टायटॅनिक'मध्ये जवळजवळ खऱ्या आकाराचा सेट होता, तरी डिटेल एकाच बाजूला होतं, आणि दुसरी बाजू दाखवायची तेव्हा पाट्या-अक्षरं उलटी रंगवून शॉट फ्लिप केला. त्यांच्यासारख्या बजेटवाल्यांनी हे केलं तर आपल्याला कसली लाज.

सांगाडा ६ मिमी प्लायचा, बाहेरून ३ किंवा ४ मिमी प्लायच्या पट्ट्या, त्यावर फायबर, म्हणजे रेझिनमध्ये भिजवलेलं काचेचं कापड. मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीच्या बाजूला फायबरची कामं करणारे सापडतात, नाहीतर मूर्तीवाल्यांपैकी कोणीतरी मोल्डिंग जाणतोच. आता तीन गोष्टी नीट ऐका. एक, रेझिनमध्ये आधी कोबाल्ट पूर्ण मिसळायचं, मग हार्डनर, साधारण १ ते २ टक्के. कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही ओतायचे नाहीत, भडका उडतो, स्फोटही होऊ शकतो, बाटल्या शेजारी-शेजारीसुद्धा ठेवू नका. दोन, थर्माकोलवर पॉलिस्टर रेझिन लावलं तर थर्माकोल विरघळून जातो, त्यामुळे आकार थर्माकोलचा घेतला असेल तर आधी ब्राऊन टेपने पूर्ण गुंडाळा. तीन, तो थर्माकोल नंतर आतून सगळा काढून टाका. आत राहिला तर बोट बुडणारच नाही, तुम्ही चार जण वर लोंबकळलात तरी.

आता बुडवण्याचं गणित. बहुतेक जण समजतात की खाली भोक पाडलं की झालं. भोक पाडलेली प्लायची बोट अर्धी खाली जाते आणि तिथेच तरंगत बसते, कारण लाकूडच पाण्यापेक्षा हलकं. १ किलो प्लाय पाण्याखाली साधारण ६५० ग्रॅमने वर ढकलतो. लोखंड पाण्यात आपलं वजन फक्त १३ टक्के गमावतं, म्हणजे १ किलो लोखंड ८७० ग्रॅमने खाली खेचतं. समजा मॉडेलमध्ये ३० किलो प्लाय आहे तर ते २० किलोने वर ढकलणार, ते मारायलाच २३ किलो लोखंड लागलं, त्यावर १२ किलो अजून टाका म्हणजे बोट आपणहून खाली जाईल पण दगडासारखी नाही. भंगारवाल्याकडचे सळईचे तुकडे उत्तम. सगळं वजन तळाला, मधल्या रेषेवर, घट्ट बांधून, नाहीतर टेकमध्ये सरकेल आणि बोट उलटी होईल.

मग ती तरंगणार कशावर? टायरच्या ट्यूबवर. तळाला मोठी भोकं ठेवा म्हणजे पाणी मोकळं आत-बाहेर होईल, आणि आत तीन ट्यूब बसवा, पुढे, मध्ये, मागे, प्रत्येकीला पाइप, पाइपला बॉल व्हॉल्व, पाइप पाण्याखालून काठावर. १ लिटर हवा म्हणजे १ किलो उचल, हिशोब सरळ आहे. रंगवलेल्या वॉटरलाइनपर्यंत बोट येईल एवढी हवा भरा, मग शॉटला पुढच्या ट्यूबची हवा सोडा, नाक खाली जातं, मागची भरलेली आहे म्हणून शेपूट वर राहतं. रीटेकला कॉम्प्रेसरने हवा भरली की बोट परत वर. हा वर येण्याचा भाग बुडण्याइतकाच महत्त्वाचा आहे, कारण पहिल्या टेकमध्ये कधीच काही धड होत नाही.

टाकी, म्हणजे खड्डा

११ फुटी बोटीला २४ बाय २० फुटांचं पाणी लागतं, सरासरी ३ फूट खोल धरलं तरी ४० हजार लिटर, १० हजारवाले चार टँकर. बोट जिथे खाली जाणार तिथे सहा फूट खोली हवीच, ११ फुटी बोट २५ अंशात वाकली की नाक तीनेक फूट खाली जातं, त्यात बोटीची स्वतःची उंची मिळवा.

गच्चीवर करू का, असं विचारणारा एक जण प्रत्येक ग्रुपमध्ये असतो. नाही. ३ फूट पाणी म्हणजे दर चौरस मीटरला ९०० किलोच्या वर, आणि घराचे स्लॅब साधारण २०० किलोच्या हिशोबाने धरलेले असतात. प्लॉटवर जेसीबीने खड्डा काढा, खाली वाळू पसरा, वर काळी जाड ताडपत्री, दुहेरी. काळीच हवी, निळी ताडपत्री स्विमिंग पूल दिसते.

बडोद्याजवळ वाघोडिया किंवा पादरा भागात कोणाचं शेततळं मिळत असेल तर खर्च खूप वाचतो, पण प्लास्टिक अंथरलेलं शेततळं हा सापळा आहे, उतार ओला झाला की पट्टीचा पोहणारासुद्धा चढून बाहेर येऊ शकत नाही. चारी बाजूंनी गाठी मारलेले दोर आत सोडलेले पाहिजेत, फुगवलेल्या ट्यूब तरंगत ठेवलेल्या पाहिजेत, आणि एक माणूस ज्याचं काम फक्त पाण्याकडे बघत बसणं. हे नसेल तर पॅकअप.

पाणी भरायच्या आधी तळाला काँक्रीटचा ब्लॉक टाका आणि त्याला कप्पी लावा. बोटीच्या नाकाखालून ४ मिमी वायर रोप या कप्पीतून काठावरच्या हँड विंचला. हवा सोडणारा आणि विंच फिरवणारा, दोघांनी मिळून स्पीड ठेवायचा. दोन पातळ दोऱ्या बाजूंना, पाण्याखाली, म्हणजे बोट वाऱ्याने फिरणार नाही. पाणी भरल्यावर कप्पी लावायला कोणाला खाली पाठवावं लागलं तर समजा प्लॅनिंग चुकलंय.

पाण्याचा रंग पण बघा. आपला पावसाळी किनारा निळा नसतो, मातकट करडा असतो. थोडी मुलतानी माती कालवली की पाण्याला अंग येतं आणि खालची ताडपत्री, दोऱ्या, ब्लॉक सगळं लपतं. भांडी घासायचं लिक्विड अगदी थोडं टाकलं तर पृष्ठताण कमी होतो आणि थेंब बारीक होतात, पण जरा जास्त झालं की फेस, आणि तो फेस मग दिवसभर जात नाही. बादलीत ट्राय करा आधी.

लाटांसाठी ८ फुटी प्लायची फळी, खाली बिजागरी, वर वायपर मोटर. ही मोटर १२ व्होल्टवर चालते म्हणून पाण्याजवळ हाच पर्याय, कूलरची मोटर नाही. लाटा लहान ठेवा, ३ इंचाची लाट पडद्यावर ४ फुटांची आहे. वरून बारीक तरंगांसाठी पेडेस्टल फॅन लांब, कोरड्या जागेवर, आणि तुषारांसाठी शेतातला पाठीवरचा फवारणी पंप, नोझल सगळ्यात बारीक.

बुडबुडे कोणी विसरू नका. जहाज खाली जाताना आतली हवा बाहेर फुटते आणि बघणाऱ्याला वजन त्यातून कळतं. डेकखाली पीव्हीसी पाइप, त्याला १ मिमीची भोकं, पेंटिंगवाल्याचा कॉम्प्रेसर. त्यासोबत लाकडाचा भुसा, कोळशाची पूड, सुतळीचे तुकडे हॅचमध्ये (डेकवरच्या झाकणाच्या तोंडात) भरून ठेवा, हवा सुटली की तेही उडतात आणि पाण्यावर पसरतात. फनेलच्या धुरासाठी लग्नातलं स्मोक मशीन काठावर ठेवून पाइपने आत. बॉयलरवर पाणी गेलं की वाफ हवी तर ड्राय आइस, तोही लग्नाच्या डेकोरेशनवाल्याकडेच मिळतो, उघड्यावर वापरा, हातमोजे घालून, बंद खोलीत नाही.

कॅमेरा आणि उजेड

कॅमेरा खाली. अजून खाली. दुसऱ्या होडीत उभ्या माणसाची नजर पाण्यापासून ५-६ फूट, १/१६ ला ती जेमतेम ४ इंच. लेन्स पाण्यापासून ४ इंचावर ठेवली की अर्धं काम झालं, ३ फुटांवरून घेतलेला शॉट हेलिकॉप्टरमधून घेतल्यासारखा वाटतो आणि मॉडेल उघडं पडतं. त्यासाठी काठाला एक खाच काढा किंवा कॅमेरा काचेच्या फिश टँकमध्ये ठेवून तो टँक अर्धा पाण्यात धरा, टँकला दोरी बांधून.

बोट पुढपासून मागपर्यंत फोकसमध्ये पाहिजे, म्हणजे अ‍ॅपर्चर ८ किंवा ११ (लेन्सचं भोक बारीक), आणि १०० फ्रेम्सला २५ च्या मानाने दोन स्टॉप, म्हणजे तीन चतुर्थांश उजेड आधीच गेलेला असतो. एवढा उजेड फुकटात फक्त सूर्य देतो. वर पांढरं कापड ताणा, ढगाळ दिसतं. साध्या एलईडी लाइट्स हाय स्पीडला लुकलुकतात, आधी टेस्ट घ्या. मागच्या काठाची रेघ लपवायला तो पलीकडचा काठ पाण्याच्या पातळीपेक्षा बोटभर खाली ठेवा, पाणी सतत वरून सांडत राहील, सांडलेलं पाणी चरात जमा करून पंपाने परत, आणि त्यामागे करड्या रंगाचा कपडा.

रात्रीचा सीन असेल तर खिडक्यांत १२ व्होल्टची एलईडी पट्टी, जोड सिलिकॉनने बंद. 'विजळी'ला ते नाव दिव्यांवरूनच पडलं म्हणतात, त्यामुळे तिचा सीन करताना दिवे हेच मुख्य पात्र. तीन वेगळे स्विच ठेवा, पुढचे दिवे आधी लुकलुकून जातात, मग मधले, शेवटी मागचे, आणि मागचे पाण्याखाली गेल्यावर एक क्षण चालू राहू द्या.

माणसं असलेले शॉट्स

इथे सेट खऱ्या आकाराचा, म्हणून स्पीड नॉर्मल. डेक तिरका दाखवायचा असेल आणि फ्रेममध्ये पाणी नसेल तर काहीही वाकवू नका, कॅमेरा १० अंश तिरका करा, लटकणारा कंदील सळईवर त्याच अंशात पक्का करा, अ‍ॅक्टर्सना एका बाजूला झुकायला सांगा, झालं. पण फ्रेममध्ये पाणी आलं की ही चलाखी पकडली जाते, कारण तुमचं पाणी डेकला समांतरच राहणार आणि तिरक्या जहाजात तसं नसतं. तिथे खरंच डेक वाकवावा लागतो. १२ फुटी प्लॅटफॉर्म एका टोकाला २ फूट उचलला की साडेनऊ अंश, ३ फूट उचलला की साडेचौदा. जॅकने उचला पण जॅकवर ठेवू नका, खाली लाकडी ठोकळे लावून जॅक मोकळा करा आणि मगच कोणी वर चढायचं. रंगात वाळू मिसळा, पाय घसरणार नाहीत.

आणि प्लॅटफॉर्मवर पाणी भरायच्या भानगडीत पडू नका. ८ बाय १२ च्या जागेत फक्त ४ इंच पाणी म्हणजे ९०० किलो. पाणी वर चढवायचं नाही, सेट पाण्यात उतरवायचा. केबिनच्या दोन भिंती लोखंडी फ्रेमवर, चेनकप्पीवर, आणि त्याच खड्ड्यात हळूहळू खाली. तेही जमत नसेल तर सगळ्यात स्वस्त उपाय, दोन फूट पाणी भरा, अ‍ॅक्टर आधी उभा, मग वाकलेला, मग गुडघ्यावर, आणि प्रत्येक शॉटला खिडकी, खुंटी, भिंतीवरचा फोटो तेवढाच खाली सरकवा. पाणी गळ्यापर्यंत आलेलं दिसतं आणि माणूस गुडघ्यावर सुरक्षित बसलेला असतो. मला ही युक्ती सगळ्या यंत्रांपेक्षा आवडते.

दार फोडून पाणी येतं त्यासाठी २०० लिटरचं ड्रम मचाणावर, तोंडाला झडप, आणि समोर उतरता पत्रा. पत्रा पाहिजेच, त्यावरून आलेलं पाणी पुढे लोटतं, थेट पडलेलं पाणी २०० किलो वजन म्हणून डोक्यावर येतं. आधी एका बादलीने, माणसाशिवाय, मग अर्धं ड्रम, मग पूर्ण, मग माणूस, आणि तोही पाण्याच्या बाजूला उभा, समोर नाही.

वीज. पाण्यात आणि पाण्याला लागून फक्त १२ व्होल्ट. बाकी जे मेन्सवर किंवा जनरेटरवर आहे ते सगळं ३० मिलीअँपच्या आरसीसीबीमधून (गळती झाली की वीज तोडणारा स्विच), अर्थिंग चेक करून, जोड जमिनीपासून वर टांगून. मंडपवाला म्हणेल 'कंई ना थाय' (काही होत नाही), त्याचं ऐकायचं नाही, टेस्ट बटण दाबून बघायचं. पाणी दोन दिवसांपेक्षा जास्त ठेवलं तर ब्लीचिंग पावडर टाका, कोणाच्या पायाला जखम असेल तर त्याला त्या दिवशी पाण्यात उतरवू नका.

शूटचा क्रम असा लावा. आधी कोरड्या बोटीचे सगळे शॉट्स, तरंगणारी, धूर सोडणारी, लांबून, जवळून. मग थोडी कललेली. मग नाक पाण्यात. पूर्ण बुडण्याचा शॉट अगदी शेवटी, कारण एकदा खाली जाऊन आलेल्या मॉडेलचा रंग, कठड्याच्या दोऱ्या, डेकवरचं सामान पहिल्यासारखं होत नाही आणि मातीचा थर धुवायलाच तास जातो. माणसांचे शॉट्स वेगळ्या दिवशी, त्याच पाण्यात, म्हणजे रंग जुळेल. आणि ते ४० हजार लिटर नंतर कुठे सोडणार हे टँकर मागवायच्या आधी शेजारच्या शेतवाल्याशी बोलून ठेवा, साबण-ब्लीचिंग टाकलेलं पाणी तो पिकात घेणार नाही, त्यामुळे चर मोकळ्या पडीक जमिनीकडेच काढावा लागतो.